साक्रीपर्यंत नीट गेली तर गाडी राहील

नानांची मोटरसायकल विकायची की ठेवायची, यावर आमच्या जळगावातल्या पिंप्राळ्याच्या घरात महिनाभर वाद चालला होता. नाना म्हणजे माझे वडील, वय सत्तर. तिसरा गिअर कधी पडायचा, कधी मध्येच अडकायचा आणि इंजिन नुसतं बोंबलायचं. एकदा मागून ट्रक येत असताना असं झालं, तेव्हा आईने गाडी भंगारात काढायचं जाहीर केलं. शेवटी नानांनीच तोड काढली. साक्रीला आत्याकडे जाऊन यायचं. गाडी नीट गेली तर राहील आणि तेच चालवतील, नाहीतर विकायची.

सकाळी सहाला निघालो. जळगाव ते धुळे नव्वदेक किलोमीटर, पुढे साक्री पन्नास-पंचावन्न. जाऊन-येऊन पाच-साडेपाचशेचं पेट्रोल लागतं. उन्हाळ्यात मात्र या वाटेला जाऊ नका.

एरंडोलपर्यंत नानांनी चालवली. गिअर चार वेळा अडकला. तिथे चहा घेऊन मी चालवायला बसलो, तर पारोळ्यापर्यंत एकदाही नाही.

"गाडी आता तापली," नाना म्हणाले.

पारोळ्यानंतर परत ते बसले, परत अडकला.

"आता जास्त तापली."

यातून काय समजायचं ते दोघांनाही सुचलं नाही. मी इंजिनिअर आहे.

धुळ्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक गॅरेज दिसलं. मेकॅनिक चाळिशीचा, फारसं न बोलणारा. त्याने आधी क्लचच्या केबलची ढील बघून ती थोडी ताणली, मग ऑइल बघितलं, मग गिअरच्या दांडीचा बोल्ट हलवून पाहिला. गिअर अडकत असेल तर तुम्हीही आधी या तीन गोष्टी बघा, गिअरबॉक्स उघडायची घाई करू नका. मग त्याने एक चक्कर मारली.

"गाडीमा काहीच नही. बठ्ठं ठीक शे," तो म्हणाला. "आबा, आते तुम्हीन चक्कर मारा."

नानांनी चक्कर मारली. आमच्या डोळ्यांदेखत गिअर अडकला. या वेळी मेकॅनिकने गाडीकडे बघितलंच नाही. त्याने नानांना स्टुलावर बसवलं आणि डाव्या पायातली चप्पल काढली.

"आबा, वर पत्राकडे दखा. अंगठाले काय लागस ते सांगा."

त्याने दहा-अकराचा पाना अंगठ्यावर ठेवला आणि चांगला दाबला. नाना छताच्या पत्र्याकडे बघत राहिले. बराच वेळ गेला.

"लाव ना भो," नाना म्हणाले, "मी तयार शे."

मेकॅनिकने पाना तसाच राहू दिला. नानांनी खाली बघितलं आणि पाना त्यांना दिसला.

"मना बापले बी असंच व्हतं," मेकॅनिक म्हणाला. "साखर. डॉक्टरले दखाडा." पन्नास रुपये घेतले, तेही केबलचे.

पुढे एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. ती इतकी जहाल होती की नाक पुसायला वेगळं कारण लागलं नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वर्ष झालं असेल. इंजिनाच्या आवाजावर टाकायचो गिअर. पुरेसा दाबला गेला की नाही, ते कळायचं नाही."

तिथून साक्री आणि दुसऱ्या दिवशी साक्री ते घर, गाडी मी चालवली. गिअर बदलायची वेळ आली की मागून नाना म्हणायचे, "टाक." एकदाही त्यांचा अंदाज चुकला नाही.

डॉक्टरांनी साखरेचंच निदान केलं. पायांना जपायचं, अनवाणी फिरायचं नाही आणि गाडी चालवायची नाही. ठरल्याप्रमाणे गाडी राहिली. नानांनी किल्ली आपणहून माझ्या हातात दिली आणि ते आत गेले.

गिअरचा आवाज बदलला, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. वर्षभर नाना घराबाहेर पडताना खाली वाकून डाव्या पायात चप्पल आहे ना हे बघायचे. तेही मी रोज बघत होतो.