अठ्ठावन्न वेळा

माझी धाकटी जाऊ पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात घड्या घालायच्या टेबलावर होती. समोरून सपाट पुठ्ठा यायचा, ती चार घड्या घालून खोकं पुढच्या तिघींपैकी एकीकडे सरकवायची. कोणाचा हात रिकामा होणार हे तिला त्या बाईच्याही आधी कळायचं. मान किंचित वळायची, नजर फिरून परत यायची, आणि खोकं बरोबर तिच्यापुढे जाऊन थांबायचं. ह्यांनी ते पाहिलं आणि माझ्या संसारात फुटबॉल शिरला.

हे त्याच कारखान्यात माल रवाना करायच्या विभागाचे प्रमुख. तरुणपणी खेळायचे, गुडघा गेल्यावर कारखान्यातल्या बायकांचा संघ शिकवू लागले. संघात गोल मारणाऱ्या दोघी होत्या, पण त्यांच्यापर्यंत चेंडू पोचवणारी कोणी नव्हती. मधल्या फळीतली ती पुढची जागा, जिथून सगळा खेळ रचला जातो, ती ह्यांनी धाकटीला द्यायचं ठरवलं. ती तेव्हा बावीस वर्षांची, मी पस्तिशीची. गल्लीत भावांबरोबर खेळली होती, एवढीच तिची पुंजी.

शिकवणी आमच्या घरामागच्या बोळात चालायची. ती भिंतीवर चेंडू मारायची, आणि तो परत येईपर्यंत तिच्या पाठीमागे उभे असलेले हे बोटं वर करायचे.

"किती?"

"तीन."

"चेंडू यायच्या आधी पाहिलंस की नंतर?"

"नंतर."

"मग उपयोग नाही. चेंडू पायाशी आला की वेळ संपली. आधी मागे बघ. मग अंग अर्धं वळवून घे, म्हणजे पहिल्याच स्पर्शात तोंड पुढे होतं."

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे रोज ऐकत होते. जेवताना तेच. हे टेबलावर भांडी मांडायचे. दोन पेले म्हणजे बचावातल्या खेळाडू, चमचा म्हणजे आघाडीची मुलगी. "आणि हे मीठ म्हणजे तू. पेल्यांच्या मधल्या पट्ट्यात राहायचं. तिथे दोघींपैकी कोणी तुला आपली म्हणत नाही, कोणी अडवत नाही." धाकटी मान डोलवायची. माझा दीर, म्हणजे तिचा नवरा, म्हणायचा, "दादा, मिठाला जेवू तरी द्या." सगळे हसायचे. लग्नाला बारा वर्षं झाली होती, मला ह्यांनी कधी मीठसुद्धा म्हटलं नव्हतं. मला म्हणाले, "ते पातेलं जरा सरकव, मैदान अडतंय."

कानामागून आली अन् तिखट झाली, असं मी त्या रात्री डायरीत लिहिलं. नन्सच्या शाळेत आठवीपासून मला रोजनिशीची सवय लावलेली. तारीख, हवा, घडलेलं, आणि खाडाखोड नाही. माझी ती शिस्त ह्यांना माहीत होती, म्हणून त्यांनी मला कामाला लावलं. सामन्याच्या वेळी त्यांच्या शेजारी बाकावर बसायचं आणि धाकटी चेंडू येण्याआधी किती वेळा मागे पाहते ते संघाच्या वहीत मोजून लिहायचं.

ही जागा मला हवी होती, हे कबूल करते. दर रविवारी नव्वद मिनिटं मी ह्यांच्या खांद्याला खांदा लावून बसत होते. पण त्यांचे डोळे तिच्यावर, आणि माझेही तिच्यावरच. एकोणीस, सव्वीस, चाळीस. दोन वर्षांत आकडा चढत गेला आणि प्रत्येक रेघ मी माझ्या हाताने ओढली. वाईट असं काही नव्हतं त्यात. ह्यांच्या मनात पाप असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

उपांत्य सामन्यात ती अठ्ठावन्न वेळा मागे वळली. संघाच्या वहीत मी एकतीस लिहिलं.

घरी आल्यावर ह्यांनी वही उघडली. "एकतीस? मला वाटलं, आज ती फार छान बघत होती."

"तुम्हाला वाटतं ते वेगळं. मोजलेलं हे आहे."

ह्यांचा कागदावर विश्वास. दुसऱ्या दिवशी त्यांनी धाकटीला डाव्या कडेला टाकलं आणि मधल्या जागेवर खोक्यांना तारेचे टाके मारणाऱ्या शिलाई विभागातली एक दणकट मुलगी आणली. अंतिम सामना दहा दिवसांवर होता. धाकटी मैदानावर कडेकडेने धावत राहिली. चार दिवस मला छान झोप लागली.

पाचव्या दिवशी आम्ही दोघी गच्चीत चादरी पिळत होतो. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे.

"वहिनी, मी अठ्ठावन्न वेळा पाहिलं होतं."

मी पिळत राहिले. "तुला काय माहीत?"

"मी पण मोजते. मनात. दादांनीच तशी सवय लावली."

"मग ह्यांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुमची बायको खोटं लिहिते?" तिने चादर झटकली. "नंतर त्यांनी तुमचं एक अक्षर तरी खरं मानलं असतं का?"

ती रागावली असती तर मी नाकबूल केलं असतं. तिने मला सांभाळून घेतलं, ते मला सोसेना. संध्याकाळी मी माझी डायरी ह्यांच्यापुढे उघडून ठेवली. तिथे लिहिलेलं होतं: आज धाकटीने अठ्ठावन्न वेळा मागे पाहिलं. मी एकतीस लिहिलं.

ह्यांनी दोनदा वाचलं. "आणि बाकीचे आकडे?"

"सगळे खरे आहेत."

"ते मला आता कसं कळावं?" एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही.

धाकटी मधल्या जागेवर परत आली. वही कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे गेली आणि बाकावर ह्यांच्या शेजारी त्या बसल्या. अंतिम सामना मी समोरच्या पायऱ्यांवरून पाहिला. सवयीने मोजत होते. तेविसाव्या वेळी मी तिची मान सोडून ती जिकडे बघत होती तिकडे पाहिलं. दोन बचावपटूंमध्ये रिकामं गवत होतं, माणूस नाही. तिने अर्ध्या वळणावर चेंडू घेतला आणि त्या गवतात ढकलला, अगदी हलका. आघाडीची मुलगी धावत येऊन पोचली तेव्हा चेंडू तिची वाट बघत थांबलेला. एक गोल, त्यावरच सामना जिंकला. सगळ्यांनी गोल मारणारीला उचललं. हे मात्र सरळ धाकटीकडे गेले.

ती आणखी सहा वर्षं खेळली, पुढे नव्या मुलींना शिकवू लागली. मधे नर्सबाई नोकरी सोडून गेल्या तेव्हा जेवताना तीच म्हणाली, "दादा, वही वहिनींना द्या की परत."

"नको," हे म्हणाले आणि भाकरी मोडली.

मला राग आला, तो ह्यांचा नाही. तिचा आला. माझी जागासुद्धा मला मिळायची तर ती तिच्याच हातून, तिने बघून दिलेली. मी ताटं उचलली आणि आत गेले. मागून ती पेले घेऊन आली. आम्ही भांडी घासली, ती धुवत होती आणि मी पुसत होते. माझा हात रिकामा झाला की ताट समोर यायचं, ना आधी ना उशिरा.