सर्टिफिकेट घेऊन गेलेले पाहुणे

चोर रात्री भिंत फोडून येतात म्हणे! आमच्या अल्लीपूरच्या घरी ते भर दुपारी आले, चपला बाहेर काढून, आणि त्यांच्यासाठी सतरंजी आम्हीच अंथरली.

माझी धाकटी बहीण सातवीची फायनल पास झाली होती. वर्ध्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी तिचं नाव लागलं होतं. महिन्याभरात सर्टिफिकेट घेऊन हजर व्हायचं, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात स्थळ चालून आलं. मुलाचा मामा म्हणवणारा एक माणूस आणि सोबत एक गोडबोली बाई. आष्टीकडचे आहो म्हणाले.

मुलीकडच्यांनी मान खाली घालून उत्तरं द्यायची, ही आपली रीत. मुलाकडच्यांना उलट प्रश्न विचारायची कोणाची छाती? जन्मतारीख, आईचं माहेर, शाळेतले गुरुजी कोण, सगळं आम्ही ओकलो. आईनं तर पोरीला लहानपणी देवी आल्या तेही सांगून टाकलं. उठता उठता मामा म्हणाला, पत्रिकेसंग पासाचा कागदही द्या, घरच्या म्हाताऱ्यांना दाखवून आठ दिवसांत आणून देतो. पेटीतून कागद मीच काढला. हो, मीच! घरातला शिकलासवरला थोरला भाऊ.

महिना गेला. सांगितलेल्या पत्त्यावर असं कोणी राहतच नव्हतं. शेवटी मी आणि बहीण कागदाविनाच वर्ध्याला गेलो. कारकून म्हणाला, या नावाची मुलगी चार दिवसांपूर्वीच दाखल झाली. तिला बोलावलं. बापाचं नाव, आईचं माहेर, गुरुजी, सगळं तिनं घडाघडा सांगितलं. कागदही तिच्याचकडे. माझी बहीण नुसती रडत राहिली, आणि तिथल्या मोठ्या बाईंना वाटलं, रडते तीच खोटी.

गुरुजींना साक्षीला घेऊन परत जातो म्हटलं, तर बाबांनीच अडवलं.

"चूप बैस. चार गावांत बोभाटा झाला, तर हिले कोन करन?"

अरे, ज्या लग्नापायी लुटलो, त्याच लग्नापायी तोंड शिवून बसायचं? त्या चोरट्यांपेक्षा मला बाबांचा जास्त राग आला. आणि बाबांपेक्षा माझा, कारण मी ऐकलं.

त्या वर्षी बहीण कापूस वेचायला जाऊ लागली. एका दुपारी वेचता वेचता थांबली आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाली,

"दादा, मी पाया पडली होती त्या पाहुण्याइच्या."