सालींच्या भिंतीवरची बोटं

विरारजवळच्या नंदाखाल गावी आमच्या वाडीत सुकेळी व्हायची. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची. सालींतली एक साल कुणी बाहेर फेकली तरी आई घर डोक्यावर घ्यायची. अर्ध्या साली केळीच्या बुंध्याशी पुरायच्या, उरलेल्या पिंपात पाणी घालून कुजवायच्या. तो काळपट, चिकट रस्सा माती-भुशात कालवून ती सुकेळीच्या खोपीची कुडाची भिंत लिंपायची. नव्वदीच्या त्या वर्षांत विरारला सिमेंटच्या इमारती भराभर उठत होत्या आणि आमच्याकडे सालींचं बांधकाम! मी नाक मुरडलं की आई म्हणायची, "तुज्या तोंडाला नाय लावत. भितीला लावते."

दर दिवाळीनंतर, पहिल्या केळ्यांच्या साली कुजल्या की, भिंतीवर नवा हात फिरायचा. शेवटी ओल्या मातीवर चार बोटं ओढून आई ओळीने कमानी काढायची.

एका पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन आई गेली. त्याच दमट दिवसांत भिंत वास सोडू लागली. पिकल्या केळ्यांचा, जरा आंबूस, आईच्या पदराला यायचा तसाच. बाबा म्हणाले, "ती आत हाय." मी वरवर हसले, पण भरदुपारीसुद्धा खोपीत एकटी जाईना. मला भीती वाटायची.

पाऊस सरला, ऊन तापलं आणि वास विरत गेला. बाबांचं जेवण तुटलं. ते भिंतीला नाक लावून उभे राहायचे. त्यांना हाक मारायचाही मला धीर व्हायचा नाही.

त्या दिवाळीनंतर एकदा कॉलेजातून आले तर खोपीतून तोच वास, अगदी दाट. मी दारातच थबकले. आत बाबा, कोपरापर्यंत चिखलाने माखलेले. साली त्यांनीच कुजवल्या होत्या, सगळी भिंत एकट्याने लिंपून काढली होती. कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा फुलला होता.

"ये, बघ. आली परत."

मी बघितलं. भिंत गुळगुळीत होती.

"बाबा, आईची बोटं?"

ते भिंतीकडे वळले. मग एकदम नखांनी ओली माती खरवडू लागले. मी त्यांचं मनगट धरलं. खालचं जुनं लिंपणही भिजून नव्यात मिसळलं होतं. त्यांनी चार बोटं टेकवली, एक कमान ओढायला घेतली आणि अर्ध्यात हात खाली सोडला.

त्या वर्षीही सुकेळी झाली. पुढच्या पावसात भिंतीला वासही आला. पण ती आत हाय, असं बाबा पुन्हा कधी म्हणाले नाहीत.