सुलभाने वल्हं हातात घेतलं तो दिवस

दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षातली ही गोष्ट. दत्तजयंती आठ दिवसांवर आली होती आणि देवाशी माझं बोलणं बंद होतं. तीस वर्षं दर गुरुवारी मंडईजवळच्या दत्ताच्या देवळात जाणारा मी, चैत्रापासून त्या रस्त्याला फिरकलोही नव्हतो. माझी पत्नी सुलभा सगळं विसरत चालली होती. सुरुवातीला गॅस बंद करणं, किल्ल्या, शेजाऱ्यांची नावं. मग कर्वेनगरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात न्हाणीघर कुठे आहे ते. दिवाळीनंतर माझी पाळी आली, ती मलाही ओळखेनाशी झाली. शाळेत गणित शिकवण्यात माझा जन्म गेला. प्रत्येक उदाहरणाला उत्तर असतंच, असं मुलांना ठणकावून सांगत आलो. पण चैत्रातच डॉक्टर शांतपणे म्हणाले होते, "सर, हे दुखणं मागे फिरणारं नाही." त्या दिवशी घरी आल्यावर मी दत्ताची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली.

बंगळूरला असलेली आमची मुलगी रजा काढून येते म्हणाली, मी नको म्हटलं. शेजारच्या वहिनींनी दिवसभरासाठी एक बाई सुचवल्या, त्यांनाही दारातूनच परत पाठवलं. माझ्या बायकोचं मी बघेन, एवढंच सगळ्यांना सांगत राहिलो. त्याला मी प्रेम समजत होतो. त्यात अहंकार किती होता, ते आज कळतं. मग एका सकाळी मी दूध तापवत असताना ती दार उघडून बाहेर पडली आणि भर रहदारीत, अनवाणी, रस्त्याच्या मधोमध उभी सापडली. तिथे मी हरलो. अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या गावाबाहेरच्या एका संस्थेत तिचं नाव घातलं. सोमवारी तिला तिथे सोडायचं ठरलं.

त्याआधीच्या शनिवारी मी तिला मुळशीच्या बाजूला एका लहानशा तलावावर घेऊन गेलो. लग्नानंतरची काही वर्षं आम्ही त्या डोंगरांत खूप हिंडलो होतो. चालताना ती शांत असायची, म्हणून तलावाला वळसा घालणाऱ्या पायवाटेने आम्ही निघालो. कारवीच्या वाळल्या काड्या, खाली निळंशार पाणी, पलीकडच्या काठावर चरणाऱ्या म्हशी. इतकं सुंदर होतं सगळं, आणि मला त्यातलं काही नको होतं. ती पुढे, मी मागे. एकदा तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि कुणी परका मागे लागावा तशी पावलं उचलली. मी तिथेच एका दगडावर बसून रडलो. बायकोच्या देखत रडायला मला कधी जमलं नव्हतं. त्या दिवशी जमलं, कारण बघणारी मला ओळखत नव्हती.

दुपारी आम्ही खाली उतरलो. काठावर एक गृहस्थ भाड्याने होड्या देत होते. अरुंद, दोघांच्या, कयाक म्हणतात त्या. मला काही होडीत बसायचं नव्हतं, पण सुलभा सरळ जाऊन एकीत बसली आणि उठेचना. शेवटी आम्ही दोघांनी लाइफ जॅकेटं चढवली.

"वल्हवता येतं ना, सर?" त्यांनी विचारलं.

"येतं," मी म्हणालो. फार पूर्वी दोनदा वल्हवलं होतं, तेवढ्या भांडवलावर.

ती पुढे बसली, मी मागे. तिचं वल्हं तिच्या मांडीवर आडवं पडून होतं. तळ्याच्या मध्यापर्यंत सगळं ठीक होतं. मग डोंगराच्या खिंडीतून वारा सुटला. बघता बघता लाटा उठल्या आणि होडी आडवी होऊन बांधाच्या दिशेने वाहू लागली. तिथे मोठमोठे दगड पाण्यातून वर आले होते. मी जिवाच्या आकांताने वल्हं मारत होतो आणि होडी जागच्या जागी गरगरत होती. उजव्या खांद्यात कळ आली, बोटं उघडली आणि वल्हं पाण्यात गेलं. वाऱ्याने ते लांब नेलं. होडीत पाणी येऊ लागलं.

आता जे लिहितो आहे ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या क्षणी मला भीती वाटली नाही. वाटलं, इथेच संपलं तर बरं होईल. सोमवार उजाडणार नाही. दुसऱ्याच क्षणी तिच्या पाठीकडे लक्ष गेलं. तिची वेणी सकाळी मीच घातली होती, वेडीवाकडी. मला स्वतःची लाज वाटली. आठ महिन्यांनी तोंडून शब्द निघाले, तेही भांडल्यासारखे. "दत्ता, माझ्याने होत नाही. आता तुझं तू बघ."

सुलभाने मांडीवरचं वल्हं उचललं.

"हलू नका," ती म्हणाली. "वाऱ्याला नाक द्यायचं. अण्णा सांगतात."

अण्णा म्हणजे तिचे वडील. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली होती. तिने एका बाजूला दोन-तीन लांब हात मारले आणि होडीचं तोंड वाऱ्याकडे वळलं. मग डावा, उजवा, डावा, उजवा. घाई नाही, दमछाक नाही. गाऊनची बटणं लावता न येणारे ते हात होते. ओठांतल्या ओठांत ती दत्ताचं नाव घेत होती आणि त्या तालावर वल्हं पडत होतं. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. करण्यासारखं काही नव्हतंच.

पलीकडच्या काठावर म्हशी राखणाऱ्या एक बाई गुडघाभर पाण्यात आल्या आणि त्यांनी होडी ओढून घेतली. आम्हाला उन्हात बसवून किटलीतला चहा दिला.

"बाईंचा हात बसलेला हाय," त्या म्हणाल्या. "कुनी शिकवलं वो?"

"अण्णांनी," सुलभा हसून म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आपण कोण?"

एरवी मी चिडून पाढे म्हटल्यासारखं नाव, लग्नाचं साल, मुलीचं नाव असं सगळं सांगत सुटायचो. त्या दिवशी म्हणालो, "तुमच्याबरोबर आलोय."

"बरं झालं," ती म्हणाली आणि चहा पिऊ लागली.

संध्याकाळी तिच्या भावाला फोन केला. तो म्हणाला, त्यांच्या गावी कृष्णेच्या पल्याड दत्ताचं देऊळ होतं, अण्णा तिथले पुजारी. त्यांना ताप आला की दहा-बारा वर्षांची सुलभा नैवेद्याचं ताट घेऊन एकटी होडी पल्याड न्यायची. इतक्या वर्षांच्या संसारात हे तिने मला सांगितलं नव्हतं, की मीच कधी विचारलं नव्हतं, ते देव जाणे. डॉक्टर म्हणाले, मन विसरतं तरी हात पुष्कळ दिवस विसरत नाहीत. त्यांचं बरोबरच असणार. मी वाद घालत नाही.

सोमवारी आम्ही कुठे गेलो नाही. मुलीला ये म्हणालो. वहिनींनी सुचवलेल्या बाईंच्या घरी जाऊन त्यांची माफी मागितली, त्या दुसऱ्या दिवसापासून येऊ लागल्या. दुखणं तसूभरही हटलं नाही. सुलभाने मला पुन्हा कधी ओळखलं नाही आणि गेल्या श्रावणात ती गेली. पण शेवटचे ते महिने आमच्या घरात माणसं होती, तिला भरवायला चार हात होते, आणि मला रडायला लाज वाटत नव्हती. तिला वाचव, असं मी अबोला धरण्याआधी देवाला वर्षभर बजावत होतो. तिला सांभाळ, असं म्हणायला माझ्या हातातून वल्हं जावं लागलं. आता गुरुवारी देवळात उभा राहिलो की मागणं काही सुचत नाही. डोळे भरून येतात. नमस्कार करतो आणि मागच्या माणसाला जागा करून देतो.