रोजचा एक नमस्कार

सरकीच्या ढेपेचा वास आला की मला ती चिनी बाई आठवते. आर्वीतल्या आमच्या तेलाच्या कारखान्यासाठी ह्यांना चीनमधून मशीन आणायची होती, आणि कंपनीशी सगळी बोलणी तिथलीच ही मध्यस्थ बाई हिंदीतून करून द्यायची. रोज फोन लागला की हे आधी मधाळ आवाजात विचारत, "खाना खाया?" इकडे मी, अक्कल चुलीत घातलेली बया, परातीत कणीक आपटत जळत असे. एक दिवस फोन स्पीकरवर चालू असतानाच मी ओरडले, "मले कधी इचारलं का तुमी, जेवली म्हून?" पलीकडून बाई खळखळून हसली. "भाभी, हमारे यहाँ यही नमस्ते है. मैंने ही इनको सिखाया." मी ह्यांना बजावलं, "मंग आधी मले नमस्ते करत जा!" ती मशीन कधीच भंगारात गेली, पण हे अजून रोज विचारतात, "जेवली का?" आणि माझं ताट धुऊन झालेलं असलं तरी मी म्हणते, "नाई," म्हणजे हे वाढायला उठतात.