लीलचं हवामान

उमावती रामटोहलच्या कॉम्प्युटरवर उजव्या कोपऱ्यात चौदा वर्षं लीलचं हवामान दिसत होतं. लील फ्रान्सच्या उत्तरेला आहे, एवढंच तिला ठाऊक होतं. तिथे ती कधी गेली नव्हती, जायचा प्रश्नही नव्हता. पण मॉरिशसमधल्या एबेनच्या त्या काचेच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर खुर्चीत बसलं की हेडफोन चढवण्याआधी त्या कोपऱ्याकडे बघायचं, असा नियम होता. तिकडे पाऊस असला तर फोनवर म्हणायचं, काय हा पाऊस. बर्फ असला तर म्हणायचं, सकाळी गाडी सुरूच होईना. आपण लीलच्याच ऑफिसात आहोत असं दाखवायचं, मॉरिशसचं नाव काढायचं नाही. स्वतःचंही नाही. फोनवर ती सिल्वी होती.

काम विम्याचं होतं. फ्रान्समधल्या एका कंपनीकडे लोकांनी घरांचा विमा उतरवलेला असायचा आणि घरात पाणी गळलं की फोन उमावतीकडे यायचा. वरच्यांचं वॉशिंग मशीन फुटलं, भिंतीतली नळी गंजली, छताला ओल आली. पहिल्या वर्षी ती कागदावरचे प्रश्न नुसते वाचून दाखवायची. मग हळूहळू तिला कळत गेलं. जुन्या इमारतींमधल्या शिशाच्या नळ्या वळणावर गळतात. ओलीचा डाग गोल असेल तर पाणी वरून येतंय, लांबट असेल तर भिंतीतून. माणूस फारच सविस्तर सांगायला लागला तर नळ त्यानेच उघडा ठेवलेला असतो. हे सगळं ती एका निळ्या वहीत टिपून ठेवायची. वही तिच्या मुलीची, यशनाची, पहिलीतली. चार पानं गिरवून पोरीने ती टाकून दिली होती. त्यामुळे पहिल्या चार पानांवर यशनाची वाकडी अक्षरं होती आणि पाचव्यापासून पुढे फ्रान्समधलं पाणी.

उमावती मूळची लालमाटी गावची. ती या कामाला लागली त्याच्या आदल्या वर्षी त्या भागातला साखर कारखाना बंद झाला होता. गावच्या हॉलमध्ये सभा झाली. पुढे कापडी फलक होता, त्यावर 'ज्ञानाधारित अर्थव्यवस्था' असं लिहिलेलं. सूट घातलेल्या एका माणसाने सांगितलं, आपल्या बेटाच्या पोटात ना सोनं आहे ना तेल, आता पीक काढायचं ते डोक्यातून. उमावतीच्या आईने तीस वर्षं ऊस तोडला होता. ती मागच्या बाकावरून म्हणाली, "आणि त्याला उंदीर लागले तर?" सगळा हॉल हसला, सूटवालासुद्धा.

त्या वर्षी आईला कामावरून कमी केलं, घरापुरती जमीन दिली. पुढच्या वर्षी उमावतीला एबेनमध्ये खुर्ची मिळाली. आई दुकानात, देवळात, बसमध्ये सगळ्यांना सांगायची, "माझी पोरगी एसीत बसते आणि गोऱ्यांच्या घरातलं पाणी इथून बंद करते."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कर्विनने उमावतीला त्याच्या खोलीत बोलावलं. कर्विन तिचा साहेब, वयाने दहा वर्षांनी लहान. त्याला हे काम तिनेच शिकवलं होतं.

"बसा, मादाम उमा. चहा सांगू?"

"तू चहा पाजतोयस म्हणजे काहीतरी वाईट आहे."

तो हसला नाही. पाण्याचं सगळं काम मादागास्करला, अंतानानारिव्होला चाललं होतं. तिथेही लोक फ्रेंच बोलतात, आणि स्वस्तात बोलतात. इथली सहा माणसं फेब्रुवारीअखेर मोकळी होणार होती. फक्त एक खुर्ची उरणार होती, दुसऱ्यांचे फोन ऐकून त्यांना गुण देणाऱ्याची. तिकडून एक बाई शिकायला येत होती.

"तिला तुम्ही नीट तयार केलंत तर ती खुर्ची तुमची. शब्द देत नाही मी, पण जवळजवळ देतोय."

"जवळजवळ म्हणजे किती रे?"

"माझ्या हातात काय आहे, मादाम उमा?"

घरी ती काही बोलली नाही. नवऱ्याला, देवराजला, काळजीची गोष्ट सांगितली की त्याचं पोट बिघडायचं. यशनाचं शाळेचं शेवटचं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. पोरगी रात्री किती झोपते, डब्यातलं किती परत आणते, हे उमावती आधीही बघायची, आता दोनदा बघायला लागली. आपल्याला राग येईल म्हणून ती वाट बघत होती. तो आला नाही. दात काढायच्या आधी सुई टोचली की गाल आपला वाटत नाही, हात लावला तरी दुसऱ्याचा वाटतो, तसं तिचं सगळंच झालं होतं. बस यायची, ती चढायची. स्टॉप यायचा, ती उतरायची.

शिकायला आलेल्या बाईचं नाव हांता. तिशीची, किरकोळ अंगाची, एसी सोसत नाही म्हणून भर जानेवारीत स्वेटर घालून बसायची. चार वर्षांचा मुलगा आईकडे ठेवून आली होती. आल्यावर आठवड्याने एका दुपारी उमावतीने तिच्या डब्यात डोकावून बघितलं.

"हे काय, नुसता भात?"

"आमच्याकडे तिन्ही वेळा भातच असतो, मादाम."

उमावतीने आपल्या डब्यातली डाळपुरीची जोडी तिच्यापुढे सरकवली. शेजारच्या टेबलावरची शबनीझ बघत होती. ती त्या सहांतलीच एक.

"घाल, घाल. आणखी वाढ तिला," शबनीझ म्हणाली. "अंगात चांगली ताकद येऊ दे, म्हणजे तुझी खुर्ची उचलून नेताना दमायची नाही."

हांता चावायची थांबली. या आठ दिवसांत तिला इथली क्रेओल बोली बऱ्यापैकी कळायला लागली होती.

"खा गं," उमावती म्हणाली. "ती सगळ्यांनाच असं बोलते. मला चौदा वर्षं बोलतेय."

कंपनीने हांतालाही सिल्वीच म्हणायचं ठरवलं. लोकांच्या तोंडी नाव बसलेलं आहे, बदलायचं कशाला? कर्विनने हे सांगितलं तेव्हा उमावतीने मान हलवली आणि हांताला वहीचं सहावं पान उघडून दिलं.

तिसऱ्या आठवड्यात मादाम वासरचा फोन आला. म्हातारी ब्याऐंशी वर्षांची, एकटी राहणारी, दर हिवाळ्यात तिची एखादी नळी फुटायचीच. सिल्वीला ती नववर्षाचं कार्डसुद्धा पाठवायची. फोन हांताने घेतला. उमावती दुसरा हेडफोन लावून शेजारी ऐकत होती. पलीकडे काचेआड कर्विनही ऐकत होता. त्या दिवशी एसी सकाळपासून बंद पडला होता. हांताच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"सिल्वी, तुझा आवाज असा काय येतोय?" म्हातारीने विचारलं.

हांता गडबडली. "काय सांगू मादाम, आज इतकं उकडतंय ना!"

कोपऱ्यात लील दिसत होतं. उणे चार, बर्फ.

कर्विन खुर्चीतून उठून उभा राहिला. उमावतीला काहीच करायची गरज नव्हती, नुसतं बसून राहिलं तरी पुरे होतं. हा फोन बिघडला असता तर शिकवणी लांबली असती. तिकडचे लोक तयार नाहीत, असं कुणीतरी वर कळवलं असतं. कुणी सांगावं, वर्षभर निघालं असतं. हे सगळं तिला त्या दोन-तीन क्षणांत स्वच्छ दिसलं, पडद्यावर लिहून आल्यासारखं.

मग म्हातारी हळूच म्हणाली, "स्वयंपाकघरात दिव्याच्या वायरीवरून ठिबकतंय गं. मी खाली बादली ठेवलीय."

उमावतीने हांताच्या तोंडासमोरचा माइक आपल्याकडे ओढला.

"मादाम वासर, ऑफिसात यांनी हीटर इतका वाढवलाय की आम्ही सगळे भाजून निघालोय. घसाही बसलाय माझा. ते राहू दे. मेन स्विच बंद केलात?"

"नाही."

"बादलीकडे जाऊ नका. आधी स्विच बंद करा. फोन ठेवू नका, मी इथेच आहे."

म्हातारी चालत गेल्याचा आवाज आला, मग खटका पडल्याचा. उमावतीने माइक परत हांताकडे वळवला आणि वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. तिथून पुढचं सगळं हांताने केलं. नीट, न घाबरता, एकही प्रश्न न चुकवता. शेवटी म्हातारी म्हणाली, "तो हीटर कमी करायला सांग त्यांना, सिल्वी. आजारी पडशील."

दुसऱ्या दिवशी कर्विनने पुन्हा बोलावलं. या वेळी त्याने चहाचं विचारलं नाही.

"कालच्या फोनला दहापैकी नऊ मिळाले."

"कुणाला?"

"सिल्वीला." त्याने पेन उचललं, खाली ठेवलं. "पॅरिसवाले म्हणतात, शिकवणी झालीच आहे तर फेब्रुवारीपर्यंत थांबायचं कशाला. एकतीस जानेवारी धरा."

"आणि ती खुर्ची?"

"तीही तिकडेच चाललीय. मला कालच कळलं, आईशप्पथ."

"बरं," उमावती म्हणाली.

"मादाम उमा, काहीतरी बोला. शिव्या तरी घाला."

"बस चुकेल माझी," ती म्हणाली. मग बसच्या वेळेला अजून पाच तास आहेत हे तिच्या लक्षात आलं आणि ती जागेवर जाऊन बसली.

शेवटच्या दिवशी कर्विनने निळी वही मागितली. त्यात ग्राहकांची माहिती होती, ती इमारतीबाहेर जाऊ शकत नव्हती. उमावती म्हणाली, "पहिली चार पानं तेवढी दे. ती पोरीची आहेत." नियमाप्रमाणे कर्विनला ती तपासावी लागली. तो एकेक पान उलटून वाचत होता. 'पापा' बारा वेळा. 'पूल', म्हणजे फ्रेंचमधली कोंबडी, खाली तिचं चित्र. 'मामां', शेवटचं अक्षर रेघेबाहेर. मग त्याने पट्टी लावली, चारही पानं सरळ फाडली आणि तिला दिली.

घरी कळलं तेव्हा यशना चिडली. "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुझी परीक्षा आहे ना."

"नोव्हेंबरात आहे, मां!"

आजी दारातल्या स्टुलावर बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "मला काढलं तेव्हा कोयता कुणी परत मागितला नव्हता," ती म्हणाली. "अजून आहे तो. कोंबड्यांच्या खुराड्यामागे."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चक्रीवादळाचा दुसऱ्या पातळीचा इशारा लागला. शाळा बंद, यशना घरीच. दुपारी उमावती स्वयंपाकघरात भाजीची जुडी निवडत बसली होती, तेवढ्यात फोन वाजला. अंतानानारिव्होहून हांता होती. जिन्यात उभी राहून बोलत असावी, आवाज घुमत होता.

"मादाम उमा, पाचच मिनिटं. तुमच्या वहीची नक्कल पाठवलीय इकडे, त्यात सापडत नाहीये. एक म्हातारा आहे, अगदी वरच्या मजल्यावर राहतो. त्याच्या वर फक्त छप्पर. आठवडाभर पाऊस नाही, तरी रोज सकाळी छत ओलं. इथले सगळे म्हणतात तो खोटं बोलतोय. तो रडतोय हो फोनवर."

यशना दारात येऊन उभी राहिली होती. "मां, ठेव तो फोन. तू आता तिथे नाहीस. त्यांनी वहीसुद्धा ठेवून घेतली तुझी."

उमावतीने तिच्याकडे बघितलं. पोरीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"ओट्यावर डाळपुरी झाकून ठेवलीय," ती म्हणाली. "गरम आहे तोवर खा."

यशना हलली नाही. बाहेर वारा वाढला होता, पत्र्याची एक कड वाजत होती. उमावतीने जुडी खाली ठेवली, ओले हात झग्याला पुसले.

"हांता, लीलला आज किती आहे?"

"उणे सहा."

"मग त्याला विचार, कपडे कुठे वाळत घालतो. खिडक्या लावून आतच घालत असणार, त्याचीच वाफ रात्री थंड छताला लागून पाणी होतेय. जा, विचारून ये. मी थांबते."