मागून बोलणाऱ्या सिस्टरबाई

आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरबाई पैला शब्द कधीच समोरून बोलायच्या न्हाईत. पाठीमागं उभ्या ऱ्हाऊन हळूच इचारायच्या, "जेवला का?" कान तपासायची त्यांची ही रीत. वळून न बघता जो उत्तर देईल, तो पास. मी साळंत कधी गेलो न्हाई, पर ह्या एका परीक्षेत धा वर्सं नापास झालो.

माझी पिठाची गिरणी. तिच्या घरघरीत कान कवाच गेल्ते. पर कबूल कोन करतंय? कुनी कायबी बोललं की मी हसायचो. गावाला वाटायचं, गडी लई इनोदी हाय. एकदा तर मयताच्या घरीबी हसलो.

बाईंच्या सोताच्या कानात मशीन हुती. ती दिसावी म्हनून केस मुद्दाम कानामागं घ्यायच्या आन् म्हनायच्या, "चष्मा लावला की साहेब, आन् मशीन लावली की भैरा, व्हय?" मी म्हनलो, "बाई, आपल्या पाथर्डीकडं धूळच लई, म्हनून कान जात्यात." त्या समोर येऊन वरडल्या, "गिरणीवाले, कुठलाबी देश घ्या, कमी ऐकणारे सगळीकडं आहेत! कुठं मशीन लावतात, कुठं तुमच्यासारखे हसत बसतात!"

मी आपला हसलो.

मग एक दिस दळायला आलेल्या पारूकाकूचा पदर गिरणीच्या पट्ट्यात गेला. काकू वरडत हुती आन् मी पाठ करून पीठ चिमटीत बघत हुतो. वळलो, तर काकू हात नाचवतीय. मी हसलो! बाई दळन घेऊन आल्या हुत्या, त्यांनी पळत जाऊन खटका पाडून गिरणी बंद केली. काकू वाचली. बाई रागावल्या न्हाईत. पदराचा फाटका तुकडा माझ्या हातात ठिवला. "हसा आता."

दुसऱ्याच दिशी त्यांच्यासंगं नगरला जाऊन मशीन बसवली. गिरणीत गिऱ्हाइकाच्या हाताशी दुसरा खटकाबी बसवला. माझं बघून पारावरचे चार म्हातारेबी मशीन लावायला तयार झाले. ते मला अजून शिव्या देत्यात, पर आता मला ऐकू येत्यात.

औंदा बाई रिटायर झाल्या. स्टँडवर सारं गाव लोटलं. हॉर्न, गलका. मी त्यांची पेटी एसटीत चढवत हुतो. तेवढ्यात मागून हळूच आलं, "जेवला का?"

वळून त्यांचं तोंड बघायचं लई मनात आलं. पर वळलं की नापास. तसाच पाठमोरा वरडलो, "जेवलो, बाई!"

मागं एकच टाळी वाजली. तीबी ऐकली.